३० अंशांचं भूत उतरलं

मागच्या नोंदीपासून गाडं जिथं रुतलं होतं, तिथून निघालं एकदाचं. सिमेट्राइज्ड बायडिस्क, म्हणजे एकक वर्तुळाच्या आतल्या दोन कॉम्प्लेक्स संख्यांची बेरीज 'स' आणि गुणाकार 'प' यांच्या (स, प) जोड्यांचं क्षेत्र. त्यात (०,०) पासून (१/२,०) पर्यंतचं काराथेओडोरी अंतर, म्हणजे क्षेत्राला एकक वर्तुळाच्या आत नेणारी अॅनॅलिटिक फंक्शनं या दोन बिंदूंना जास्तीत जास्त किती लांब नेतात ते. फंक्शनच्या बाजूने १/३ येत होतं, मॅट्रिक्सच्या बाजूने १/२; यायला हवं एकच. तीन आठवडे!

१/३ वर संशय घ्यायला जागाच नव्हती. (२ओप − स)/(२ − ओस) मध्ये 'ओ' एकक वर्तुळावर फिरवला की ०.५/१.५ ला शिखर येतं, आणि इथं एवढीच फंक्शनं पुरतात हे एग्लर आणि यंग या गणितज्ञांनी सिद्ध केलेलंच आहे. म्हणजे चूक माझ्या मॅट्रिक्समध्ये.

एग्लरच्या १९९० च्या पेपरातली युक्ती अशी: 'स' आणि 'प' च्या जागी २×२ मॅट्रिक्सची जोडी घ्यायची, जिच्या आयगेनव्हॅल्यू म्हणजे आपले दोन बिंदू आणि जी क्षेत्राची अट पाळते; अंतर म्हणजे तिच्या दोन जॉइंट आयगेनव्हेक्टरांमधल्या (दोन्ही मॅट्रिक्स ज्यांना फक्त कुठल्या तरी संख्येनं गुणतात असे व्हेक्टर) लहानात लहान कोनाचा साइन. मी कोन ३० अंशांच्या खाली नेऊच शकत नव्हतो. पायथॉनमध्ये ग्रिड बारीक केली, तरी तेच. (पेपरची प्रिंटही धड नव्हती, झेरॉक्सवाल्याकडं सगळे ग्रीक अक्षर चौकोन होऊन आले. पीडीएफ मोबाइलवरच वाचा.)

परवा अंबाजोगाईत लाइट गेली, लॅपटॉप मेला, आणि कागदावर बसलो तेव्हा दिसलं. साध्या बायडिस्कच्या (जिथं दोन्ही संख्या सुट्या, प्रत्येक १ च्या आत) सवयीनं मी 'स' या मॅट्रिक्सचा नॉर्म (ती व्हेक्टरला जास्तीत जास्त किती पट ताणते) १ च्या आत कोंबत होतो. अहो, दोन संख्यांची बेरीज आहे ती, नॉर्म २ पर्यंत जाऊ शकतो! 'प' शून्य असला की खरी अट एवढीच: 'स' चा न्युमरिकल रेडियस १ च्या आत हवा, म्हणजे एकक लांबीच्या सगळ्या व्हेक्टर 'व' साठी ⟨सव, व⟩ या संख्या (यांचा संच म्हणजे न्युमरिकल रेंज) शून्यापासून १ च्या आत.

मग आईकडून वाकळ शिवायचा दोरा घेतला. २×२ मॅट्रिक्सची न्युमरिकल रेंज म्हणजे लंबवर्तुळ, नाभी म्हणजे आयगेनव्हॅल्यू. १० सेंमीला एकक धरून ५ सेंमीवर दोन टाचण्या, मधे १५ सेंमी दोरा. पेन्सिल फिरवली, लंबवर्तुळ १० सेंमीच्या वर्तुळाला उजवीकडं अगदी टेकलं. मॅट्रिक्स: वरची ओळ ०, √२, खालची ०, १/२. नॉर्म दीड, न्युमरिकल रेडियस बरोब्बर १, कोनाचा साइन १/३. १९.४७ अंश! चौकटीच्या वहीपेक्षा कोरी वही बरी, हे माझं मत यानं आणखी पक्कं झालं.

आता टेट्राब्लॉक (तीन कॉम्प्लेक्स चलांमधलं असंच एक क्षेत्र) सुरू करणार होतो, पण हे लिहितानाच सुचलं: १/२ च्या जागी कुठलाही ० ते १ मधला 'अ' ठेवला तर दोरा २ − अ लांबीचा लागतो, आणि साइन अ/(२ − अ). करून बघितलं, जुळतंय. म्हणून टेट्राब्लॉक मागं. आधी 'प' शून्य नसलेला बिंदू, (१/२, १/४). सूत्रानं २/५ येतं. मॅट्रिक्सनं अजून काढायचंय, आणि तिथं दोरा चालणार नाही बहुतेक.