एकतीस दिवसांची गाडी

सातपूरच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षे हिशेब विभागात काढली. त्यामुळे कोणतेही बिल हाती आले की खालच्या बेरजेआधी वरचे दर आणि नग पाहण्याची सवय जडली आहे. गेल्या वर्षी लेकीकडे इंग्लंडमध्ये, लेस्टरला, तीन महिने राहिलो, तेव्हा अपघातानंतर मिळालेल्या भाड्याच्या गाडीचे एक बिल असेच निरखून पाहिले. नाशिकमधल्या कितीतरी घरांतली मुले आज तिकडे नोकरी करत आहेत आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती असा कागद येऊ शकतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

अपघात अगदी किरकोळ होता. पावसात सिग्नलला थांबलेल्या लेकीच्या गाडीवर मागून एक गाडी हळूच आदळली, मागचा बंपर चेपला आणि त्यातला पार्किंगचा सेन्सर बंद पडला. कोणाला खरचटलेही नाही. मागच्या गृहस्थांनी तिथल्या तिथे चूक कबूल केली, नाव आणि विमा कंपनीचा तपशील दिला, आणि त्याच संध्याकाळी आम्ही त्याच गाडीतून आठवड्याचा किराणा आणला. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणाचा मुद्दा तिच्यातच आहे: गाडी चालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने विमा कंपनीला कळवले. तो फोन तिथून दुसरीकडे जोडला गेला आणि पलीकडच्या बाईंनी अतिशय आपुलकीने सांगितले की चूक तुमची नाही, तेव्हा दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत तुमच्याच दर्जाची गाडी तुम्हाला मिळेल आणि त्यासाठी तुम्हाला काहीही भरावे लागणार नाही. पुढच्या दुपारी नवीकोरी गाडी दारात उभी राहिली. आणून देणाऱ्या मुलाने मोबाइल पुढे केला आणि लेकीने त्यावर बोटाने सही केली. सेन्सरचा सुटा भाग यायला जवळजवळ महिना लागला, प्रत्यक्ष दुरुस्ती दोन दिवसांत झाली, आणि तोवर तिची स्वतःची चालती गाडी घरासमोर उभी राहिली. भाड्याची गाडी परत गेली ती एकतिसाव्या दिवशी.

त्यानंतर जे बिल आले त्यात गाडीचे भाडे दिवसाला ८४ पौंड, अपघात झाल्यास भराव्या लागणाऱ्या रकमेच्या माफीसाठी दिवसाला १२ पौंड, ने-आण ७० पौंड आणि या सर्वांवर २० टक्के कर असे मिळून सुमारे ३,६५५ पौंड होते. आपल्या पैशांत ही रक्कम पावणेचार लाखांच्या पुढे जाते. बंपर आणि सेन्सरच्या दुरुस्तीचे बिल होते ९४० पौंडांचे. त्याच आकाराची गाडी गावातल्या भाड्याच्या दुकानात किती पडते हे मी स्वतः जाऊन विचारले, तर आठवड्याच्या बोलीवर दिवसाला ३८ पौंड असे उत्तर मिळाले.

तिकडे या व्यवहाराला ‘क्रेडिट हायर’ म्हणतात. ज्याची चूक नाही त्याला गाडीची गरज असेल तर तेवढ्या काळापुरती दुसरी गाडी घेण्याचा खर्च चूक करणाऱ्याकडून वसूल करण्याचा हक्क इंग्लंडच्या कायद्याने दिला आहे. भाड्याची कंपनी गाडी उधारीवर देते आणि ती उधारी नंतर समोरच्याच्या विमा कंपनीकडून वसूल करते. कागदोपत्री देणेकरी मात्र सही करणारा असतो. ‘तुम्हाला काही भरावे लागणार नाही’ या वाक्याचा खरा अर्थ ‘आम्ही तुमच्या नावाने भांडून वसूल करू’ असा आहे, आणि तो करारात लिहिलेला होता; फक्त तो मोबाइलच्या पडद्यावर, दारात उभे राहून, कोणी वाचत नाही.

ही व्यवस्था मुळातच लबाडीची आहे असे मी म्हणणार नाही. २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, लॅगडेन विरुद्ध ओ’कॉनर या खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा मताने निर्णय दिला. त्यातल्या दावेदाराला नोकरी नव्हती, त्याची फोर्ड ग्रॅनाडा दहा वर्षांची जुनी होती, आणि दुकानात जाऊन आगाऊ पैसे भरून गाडी घेण्याची त्याची ऐपत नव्हती. अशा माणसाला उधारीचाच मार्ग उरतो, म्हणून उधारीचा चढा दरही त्याला वसूल करता येईल, असे बहुमताने ठरले. मला तो निर्णय माणुसकीचा वाटतो. पण त्याआधी २००० साली डायमंड विरुद्ध लोवेल या खटल्यात त्याच न्यायालयाने हेही सांगितले होते की, एरवी दावेदाराला बाजारातल्या साध्या भाड्याइतकेच मिळावे, कारण उधारी, दाव्याची धावपळ आणि वसुली या भाड्यापलीकडच्या सेवा आहेत. या दोन निकालांच्या मधल्या जागेत तिकडच्या हजारो फायली अडकलेल्या असतात: दावेदार ऐपत नसलेला आहे की ऐपत असलेला?

हाच प्रश्न माझ्या लेकीला विचारला गेला. समोरच्या विमा कंपनीने बिल नाकारले आणि भाड्याच्या कंपनीच्या वकिलांनी तिच्याकडे अपघाताआधीच्या तीन महिन्यांचे बँकेचे उतारे, पगाराच्या पावत्या आणि क्रेडिट कार्डाचा तपशील मागितला. आपल्याला गाडीची गरज का होती आणि स्वतःच्या पैशाने ती का घेता आली नाही, हे खरे असल्याच्या सहीनिशी लिहून द्यावे, आणि वेळ पडल्यास काउंटी कोर्टात, म्हणजे तिथल्या स्थानिक दिवाणी न्यायालयात, साक्षीला यावे, असेही कळवले. महिन्याचा पगार वेळेवर मिळणाऱ्या मुलीने आपली ऐपत नव्हती असे कसे लिहायचे? “बाबा, मी तर गाडी मागितलीच नव्हती,” असे ती म्हणाली तेव्हा मला फार वाईट वाटले. त्यातच अपघाताच्या दुसऱ्या दिवशी आलेले एक पत्र सापडले. समोरच्या कंपनीने स्वतःच्या खर्चाने, कमी दरात गाडी देऊ केली होती. भाड्याच्या कंपनीच्या सांगण्यावरून लेकीने ते न वाचता त्यांच्याकडे पाठवून दिले होते. आता समोरची बाजू म्हणते की स्वस्त गाडी समोर असताना महाग घेतली, तेव्हा वरचा खर्च तुमचा तुम्ही पाहा.

तिथले वाद मी जेवढे वाचले त्यात बहुतेक सगळी शक्ती दिवसाच्या दरावर खर्ची पडते. साधे भाडे किती, ते कोणत्या दुकानाचे धरायचे, यावर पानेच्या पाने लिहिली जातात. असोसिएशन ऑफ ब्रिटिश इन्शुरर्स या तिथल्या विमा कंपन्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने १९९९ पासून विमा कंपन्या आणि भाड्याच्या कंपन्यांमध्ये एक सर्वसाधारण करार आहे, आणि त्यात सहभागी असलेल्यांपुरते दर ठरवून दिलेले असतात. हिशेबनीस म्हणून मला मात्र बिलातला दुसरा स्तंभ, म्हणजे दिवसांचा, जास्त खटकतो. लेकीच्या बिलात ८४ ऐवजी ३८ चा दर लावला तरी एकतीस दिवसांचे भाडे १,१७८ पौंड होते. आणि दर ८४ च ठेवून दिवस फक्त दोन धरले तर ते होते १६८. गाडी चालत होती. सुटा भाग हातात आल्यावरच ती गॅरेजमध्ये न्यावी आणि भाड्याची गाडी त्याच सकाळी घ्यावी, एवढे एक वाक्य त्या पहिल्या फोनवर कोणी बोलले असते तर ही फाइल उघडलीच नसती.

ते वाक्य कोणी बोलत नाही, कारण दिवस वाढल्याने फोनवरच्या कोणाचेच नुकसान होत नाही. गाडी वापरणारा पैसे देत नाही, पैसे देणाऱ्याला गाडी निवडता येत नाही. शिवाय गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल भाड्याची कंपनी विमा कंपनीला, दलालाला किंवा गॅरेजला दलाली देते. म्हणजे जी विमा कंपनी आज फुगलेल्या बिलाबद्दल तक्रार करते, तिचा स्वतःचा ग्राहक उद्या निर्दोष ठरला की तीच त्याला भाड्याच्या कंपनीकडे पाठवते आणि दलाली घेते. व्यापारातल्या स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या तेव्हाच्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या सरकारी संस्थेने २०१२ मध्ये भाड्याच्या गाड्या आणि दुरुस्ती यांतल्या अशाच साखळीमुळे वर्षाला २२.५ कोटी पौंडांचा जादा भार पडत असल्याचा अंदाज मांडला आणि प्रकरण स्पर्धा आयोगाकडे सोपवले. आयोगाची जागा पुढे नव्या स्पर्धा प्राधिकरणाने घेतली. सप्टेंबर २०१४ च्या अंतिम अहवालात त्या प्राधिकरणाने दोष मान्य केला. खर्चाचा भार एकाकडे आणि खर्चावरचा ताबा दुसऱ्याकडे, हेच मूळ दुखणे असल्याचे नोंदवले. पण त्यावर परवडणारा उपाय सापडत नाही म्हणून भाड्याच्या गाड्यांचा भाग तसाच सोडून दिला. हा भार शेवटी प्रत्येक विमाधारकाच्या हप्त्यात मिसळतो, आणि इतक्या स्पष्ट निदानानंतर रोग्याला तसेच घरी पाठवणे मला पटलेले नाही.

नाशिकला परतल्यावर मला माझाच एक जुना प्रसंग आठवला. पंचवटीत बाजार समितीजवळ टोमॅटोचे क्रेट भरलेल्या पिकअपने माझ्या गाडीचा मागचा दरवाजा घासला होता. गाडी नऊ दिवस गॅरेजमध्ये होती आणि त्या काळात आईला इंदिरानगरहून डायलिसिसला नेण्यासाठी मी चार वेळा चालकासह गाडी केली. सुमारे सहा हजार रुपये गेले. सर्वेक्षक भला माणूस होता. त्याने पॉलिसीतले कलम दाखवले की अपघाताच्या अनुषंगाने होणारा असा खर्च आपल्या वाहन विम्यात धरलेलाच नाही. पिकअपवाल्याकडून तो मागायचा तर दावा लावायचा, आणि सहा हजारांसाठी न्यायाधिकरणाची पायरी कोण चढतो?

त्याच गॅरेजमधला मुलगा मात्र मला म्हणाला होता, “काका, क्लेम करताच आहात तर पुढचा बंपरही त्यातच बदलून घेऊ.” मी नको म्हटले. प्लास्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो हे एक कारण होते, पण त्याहून मोठे कारण असे की पुढचा बंपर त्या पिकअपने मोडलाच नव्हता. लेस्टरचा फोन आणि हे वाक्य एकाच जातीचे आहे, हे मला तेव्हा कळले नव्हते.

आपल्याकडे काही कंपन्या थोड्या जादा हप्त्यात ‘डेली अलाउन्स’ देतात. गाडी गॅरेजमध्ये असेल त्या दिवसांसाठी ठरावीक रोख रक्कम मिळते, सुरुवातीचे काही दिवस वगळले जातात आणि जास्तीत जास्त किती दिवस हेही आधीच लिहिलेले असते. रक्कम मोठी नसते. पण हातात रोख आली की माणूस रिक्षाने जायचे की गाडी करायची याचा विचार स्वतः करतो, आणि दिवसांना मर्यादा राहते. यंदा नूतनीकरणाच्या वेळी मी ते घेतले.

लेकीची फाइल अजून मिटलेली नाही. तिने बँकेचे उतारे पाठवले आहेत आणि निवेदनात आपली ऐपत होती असेच खरे ते लिहिले आहे. गेल्या आठवड्यातल्या पत्रात वकिलांनी तिला सोयीच्या तारखा कळवायला सांगितल्या आहेत.