जकातदाराचं शुभवर्तमान

कर खात्याचं पाकीट तसंच बंद ठेवून रोझरी, म्हणजे जपमाळ, हातात घेणं हा कॅथलिक भाविकांचा जुना घोटाळा. आपण मरियेची ‘नमो मरिया’ ही प्रार्थना म्हणत असतो म्हणून थकबाकीवरचं व्याज काही थांबत नाही. पाकीट आधी फोडावं. आतला आकडा कळेपर्यंत भीतीला हद्द नसते. कळला की निदान ती अमुक इतक्या रकमेची भीती होते.

मग जप. पूर्ण माळेत ५९ मणी, त्यातले ५३ नमो मरियाचे आणि ६ ‘आमच्या बापा’चे. माळेचे पाच टप्पे, प्रत्येकात येशू-मरियेच्या जीवनातल्या एका प्रसंगाचं मनन; त्यांना रहस्यं म्हणतात. पाच रहस्यं म्हणायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. हिशेबाला बसण्याआधी तेवढी सवड नसेल तर एकच रहस्य घ्यावं. एक आमच्या बापा, दहा नमो मरिया, शेवटी ‘गौरव’ ही छोटी प्रार्थना, चार मिनिटांत आटोपतं. बिनसतं ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या मण्याला, कारण बोटं पुढे सरकतात आणि डोकं मागच्या पावत्यांत अडकतं. शेजारी कोरा कागद ठेवावा, आठवलं ते दोन शब्दांत टिपावं आणि त्याच मण्यावर परत यावं. कर्मठांना हे पटणार नाही, पण पन्नास मणी नुसतेच सरकवण्यापेक्षा बरं.

करचिंतेत सापडलेल्याला येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मत्तयाचं जवळचं वाटावं, यात नवल नाही. परंपरा सांगते की ते लिहिणारा स्वतः जकात नाक्यावर बसणारा होता. त्याच्या खुणाही दिसतात. ‘आमच्या बापा’ या प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत दुसरा शुभवर्तमानकार लूक ‘पापांची’ क्षमा मागतो, तर मत्तयाच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘ऋणं’ असा आहे. मंदिराच्या कराची गोष्टही फक्त त्याच्याकडेच सापडते. वसुलीवाले दारात येतात, येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, गळ टाकायला पाठवतो, माशाच्या तोंडात नाणं मिळतं. कर माणशी दोन द्राख्मा, नाणं चार द्राख्मांचं. दोघांचा भरणा झाला, वर दमडी उरली नाही. चमत्कारसुद्धा पावतीपुरता! आणि गळ पेत्रालाच टाकावा लागला, हे विसरू नये.

‘उद्याची चिंता करू नका’ हेही मत्तयातलंच. त्याचा अर्थ तारीख विसरा असा लावणारे फसतात. ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे, असं तिथे पुढेच म्हटलंय. म्हणजे आज पावत्या लावायच्या, उद्या बेरीज, परवा सल्लागाराकडे जायचं. एकदम भरणं झेपत नसेल तर हप्त्यांची सोय आहे का, हे मुदत संपण्याआधी विचारायचं. मुदत उलटल्यावर तोच प्रश्न महाग पडतो.

नोव्हेना म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना. येशूचं स्वर्गारोहण आणि पेन्टेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस, यांच्या मधल्या प्रार्थनेच्या दिवसांवरून हा प्रघात आला. मत्तयाचा सण २१ सप्टेंबरला, म्हणजे सुरुवात १२ तारखेला. पण सणाची वाट कशाला पाहायची? शेवटच्या तारखेआधीचे नऊ दिवस धरले तरी चालतं. रोज एक प्रार्थना आणि हिशेबाचं एक काम. नवव्या दिवशी थकबाकी माफ होईल या बोलीवर केली तर मात्र ती नोव्हेना राहत नाही, सौदा होतो.

उत्पन्न दडवलं असेल तर गोष्ट वेगळी. कर भरणं ही नैतिक जबाबदारी आहे, असं ‘कॅथलिक धर्मशिक्षण’ या चर्चच्या अधिकृत ग्रंथाच्या २२४० व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटलंय. प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे पापकबुलीत, धर्मगुरूंना सांगितलेलं बाहेर जात नाही, त्यामुळे छातीवरचा धोंडा तिथे निर्धास्त उतरवता येतो. क्षमा पापाची मिळते, रकमेची नाही. चुकवलेलं भरावंच लागतं. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने तर लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याची तयारी दाखवली होती.

रोममधल्या सान लुईजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये काराव्हाज्जो या चित्रकाराने १५९९-१६०० साली रंगवलेलं ‘मत्तयाचं पाचारण’ आहे, येशू त्याला बोलावतो तो क्षण. उजवीकडून प्रकाश येतो, येशूचा हात पुढे होतो. मेजावरचा दाढीवाला बोट दाखवून ‘मी?’ असं विचारत असावा. मत्तय तोच, असं बहुतेक जण मानतात. काही अभ्यासकांच्या मते मात्र ते बोट शेजाऱ्याकडे आहे, आणि खरा मत्तय मेजाच्या टोकाला बसलेला तरुण. त्याने अजून मान वर केलेली नाही. तो नाणी मोजतोय.