फ्रूटकेक का आवडतो, का नकोसा होतो: इंग्लंडहून मुंबईकरांसाठी

इंग्लंडमध्ये डिसेंबर लागला की ऑफिसच्या पॅन्ट्रीत, शेजाऱ्यांकडे, चर्चच्या विक्रीच्या टेबलावर एकच केक दिसू लागतो: काळपट, जड, वर पांढऱ्या आयसिंगचा जाड थर. आणि तो दिसला की माणसांचे सरळ दोन गट पडतात. एक गट पातळ चकती कापून घेतो आणि चहाबरोबर चवीचवीने खातो. दुसरा बशीच्या कडेला बेदाणे काढून ठेवतो. दादर-पार्ल्याहून नव्याने आलेली आपली मंडळी बहुधा दुसऱ्या गटात जातात. मुंबईत केक म्हणजे क्रीमचा मऊ स्पंज, नाहीतर इराण्याकडचा मावा केक. तीच अपेक्षा ठेवून हा घास तोंडात घातला की निराशा ठरलेली.

आमचं मत असं की नाक मुरडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला नीट केलेला फ्रूटकेक आलेलाच नाही. इथल्या नेहमीच्या आठ इंची ख्रिसमस केकमध्ये मैदा, लोणी आणि साखर प्रत्येकी 225 ग्रॅम असते आणि सुकी फळं जवळपास 900 ग्रॅम. म्हणजे मैद्याच्या चौपट फळं. पिठाचं काम फक्त ती एकत्र धरून ठेवण्याचं. त्यामुळे फळं वाईट असली की केक वाईट झालाच, तिथे लोणी कितीही चांगलं वापरा.

फळांचा घोळ सगळीकडे आहे, फक्त प्रकार वेगळे. इथे सुपरमार्केटच्या डब्यातली साखरेत घोळवलेली साल कडू आणि साबणासारखी लागते, चेरी नुसत्या गोड. अमेरिकेत लाल-हिरव्या रंगाच्या चेऱ्यांनी या केकचं नाव पार घालवलं. तिथला टीव्ही निवेदक जॉनी कार्सन म्हणायचा की जगात फ्रूटकेक एकच आहे आणि लोक तोच एकमेकांना पाठवत राहतात. कोलोरॅडोतल्या मॅनिटू स्प्रिंग्ज गावात तर 1990च्या दशकापासून जानेवारीत उरलेले फ्रूटकेक लांब फेकण्याची स्पर्धा भरते. त्याच देशात टेक्ससमधल्या कॉर्सिकाना गावच्या कॉलिन स्ट्रीट बेकरीचा केक लोक वर्षानुवर्षं पोस्टाने मागवतात. तो पिकान नावाचा अक्रोडासारखा सुकामेवा घालून केलेला असतो आणि फळ-सुकामेव्यात हात आखडता घेतलेला नसतो.

मुंबईतला दोष म्हणजे टुटीफ्रुटी. हे कच्च्या पपईचे तुकडे, पाकात शिजवून रंगवलेले. त्यांना स्वतःची चव नाही, आंबटपणा नाही. खरा मनुका शिजताना फुगतो आणि आजूबाजूच्या केकला आपला रस देतो, पपईचा तुकडा तसाच चिवट राहतो. पिवळ्या स्पंजमध्ये टुटीफ्रुटी घालून त्याला फ्रूटकेक म्हणत असतील, तर तो नावडणाऱ्याची जीभ बरोबर सांगते आहे. वांद्रे-वसईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, घरांत मात्र नाताळासाठी फळं आधीपासून रममध्ये भिजत पडलेली असतात. अशा घरी ओळख असेल तर तिथला केक आधी खाऊन बघा, मग मत ठरवा.

आता करायचा कसा ते. प्रमाण सात इंची, तीन इंच खोल गोल टिनचं आहे, कारण घरातल्या ओटीजीत, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, याहून मोठा टिन भिंतींना फार जवळ जातो.

फळं एकूण 700 ग्रॅम: बिनबियांचे काळे मनुके 250, तासगावचे बेदाणे 200, बिया काढलेला खजूर 100, सुकं अंजीर 75, जर्दाळू 75. क्रॉफर्ड मार्केटात किंवा मशीद बंदरला हे सगळं एका फेरीत मिळतं. काळे मनुके घेताना एक चावून बघा. बियांचे असतील तर घेऊ नका, बेक झाल्यावर ती बी दाताखाली खड्यासारखी येते. इथे इंग्लंडमध्ये करंट म्हणून अगदी बारीक काळे मनुके घालतात, त्यांचा आंबटपणा केकला तोलून धरतो. तो आपल्या हिरवट-सोनेरी बेदाण्यांत आणि जर्दाळूत असतो, म्हणून खजुराचं प्रमाण वाढवून त्यांचं कमी करू नका. खजूर जास्त झाला की केक नुसता गोड गोळा होतो. बेदाण्यांचे देठ काढा, धुऊन कापडावर पूर्ण कोरडे करा, मोठी फळं बेदाण्याएवढी चिरा आणि 120 मिली डार्क रममध्ये झाकून निदान एक रात्र ठेवा. ओल्ड मंक उत्तम चालते. महिनाभर भिजवायची असतील तर रम फळांच्या वर यायला हवी आणि वापरताना फळं निथळून घ्यायला हवीत. थोड्याशा रममध्ये उघडी राहिलेली फळं मुंबईच्या दमट हवेत आंबतात. रम नको असेल तर कडक कोरा चहा आणि संत्र्याचा रस निम्मानिम्मा, फक्त तो केक टिकाऊ नसतो. फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा.

संत्र्याची साल घरीच करा, यात आळस नको. ऑक्टोबर ते डिसेंबर नागपूरची संत्री बाजारात असतात आणि त्यांची साल पातळ असते, त्यामुळे काम लवकर होतं. चार संत्र्यांच्या सालीच्या पट्ट्या पाण्यात 10 मिनिटं उकळा, पाणी फेका, असं तीन वेळा. कडवटपणा त्या फेकलेल्या पाण्यात जातो, एकदाच उकळून भागत नाही. मग एक वाटी साखर आणि एक वाटी पाण्यात मंद आचेवर पट्ट्या पारदर्शक दिसेपर्यंत ठेवा, जाळीवर वाळवा आणि चिरा. केकला 60 ग्रॅम पुरतात. उरलेल्या डब्यात भरून फ्रीजमध्ये टाका.

बाकीचं सामान: मैदा 175 ग्रॅम, बिनमिठाचं लोणी 175, ब्राउन शुगर 125, चिरलेला गूळ 50, अंडी 4, काकवी 1 मोठा चमचा, जाडसर चिरलेले बदाम 75 ग्रॅम. इथे काळी ट्रीकल, म्हणजे उसाच्या साखरेचा काळा दाट पाक, घालतात, ती काकवीपेक्षा बरीच कडवट असते. तो कडवटपणा आणि काळा रंग हवा असेल तर साखर करपवावी लागते. जाड बुडाच्या कढईत 3 मोठे चमचे साखर कोरडीच तापवा. ती सोनेरी होईल, मग तांबूस, मग गडद तपकिरी, आणि कडेने धूर येऊ लागेल. त्याच क्षणी गॅस बंद करून पाव वाटी उकळतं पाणी लांबून, थोडं थोडं ओता. जोरात उडतं, तेव्हा चेहरा मागे ठेवा. थंड पाणी ओतलं तर साखर दगडासारखी बसते. धूर दिसल्यावर आणखी अर्धा मिनिट रेंगाळलात तर कोळशाची चव येते, मग ती फेकून पुन्हा करणंच बरं. हा पाक पूर्ण गार करून काकवीच्या जागी 2 चमचे घाला.

मसाल्यात दालचिनीपूड 1 छोटा चमचा, जायफळ अर्धा, सुंठ अर्धा, धणेपूड पाव आणि 4 लवंगांची पूड. धणे वाचून थबकू नका, इंग्लिश मिक्स्ड स्पाइसमध्ये ते असतातच. वेलची मात्र अजिबात नको, तिने केकला शिऱ्याचा वास येतो.

लोणी बोट रुतेल इतपत मऊ हवं, वितळलेलं नको. मुंबईच्या दुपारी ते पंधरा मिनिटांत हाताबाहेर जातं, म्हणून सकाळी करा. लोणी, साखर आणि गूळ पाच-सात मिनिटं फेटा. अंडी खोलीच्या तापमानाची, एकेक करून, प्रत्येकाबरोबर एक चमचा मैदा. फ्रीजमधलं गार अंडं पडलं की मिश्रण फाटतं आणि केक भरभरीत होतो. मग काकवी, मैदा-मसाला आणि शेवटी फळं, साल, बदाम. बेकिंग पावडर घालू नका. केक फुगून मधे फुटतो, पीठ सैल होतं आणि फळं तळाला जातात. तयार मिश्रण इतकं घट्ट हवं की चमचा उलटा केला तरी झटकल्याशिवाय पडू नये.

टिनला आतून बटर पेपरचे दोन थर, दोन इंच वर आलेले. बाहेरून खाकी कागदाची दुहेरी पट्टी दोऱ्याने बांधा. यात साखर खूप आणि वेळ लांब, त्यामुळे कागद नसेल तर मध्य शिजेपर्यंत कडा जळून कडू होतात. ओटीजीत टिन सर्वात खालच्या रॅकवर, कागद वरच्या रॉडपासून लांब राहील असा बघून, आणि वरचा रॉड बंद करता येत असेल तर बंद. 140 अंश, तीन ते सव्वातीन तास. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या. या केकला वीस अंशांचा फरक सहन होत नाही. दोन तासांनी वर बटर पेपरची टोपी ठेवा, तिच्या मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं भोक. पावणेतीन तासांनी सुई घालून बघा, आणि त्याआधी कान लावा. कच्च्या केकमधून बारीक सुरसुर ऐकू येते, आतलं पाणी अजून उकळत असतं. ती जवळजवळ थांबली आणि सुई कोरडी आली की झाला. टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्या, म्हणजे रात्रभर.

इथून पुढचं काम संयमाचं. ताजा फ्रूटकेक कापलात तर तो भुसभुशीत तुटेल आणि रमचा उग्र वास येईल. लोणच्यासारखा तो मुरावा लागतो: फळांतला ओलावा हळूहळू पिठात उतरतो, मसाले एकमेकांत मिसळतात आणि चार आठवड्यांनी सुरी स्वच्छ फिरते. इंग्लंडमध्ये स्टर-अप संडे, म्हणजे 20 ते 26 नोव्हेंबरमधला रविवार, हा ख्रिसमस पुडिंग ढवळण्याचा दिवस मानतात. केक शक्यतो त्याच्याही आधी झालेला बरा. दर आठवड्याला सुईने टोचून 1 मोठा चमचा रम पाजायची, शेवटचा आठवडा सोडून. जास्त पाजली म्हणजे जास्त चांगला होत नाही, तळ ओलागच्च होतो. गुंडाळताना आधी बटर पेपर, त्यावर फॉइल. फॉइल थेट लावली तर फळांच्या आंबटपणाने ती खाल्ली जाते. कोमट केक गुंडाळला तर आत वाफ धरते आणि बुरशी येते, मुंबईत केक फुकट जाण्याचं हे सर्वात मोठं कारण. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उकाड्यात तो ओट्यावर ठेवू नका. हवाबंद डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या खणात ठेवा आणि खाण्याच्या आदल्या दिवशी बाहेर काढा. बाहेर असताना डबा पाण्याच्या परातीत ठेवा, मुंग्यांना गुळाचा वास लगेच लागतो. मार्गशीर्षात अंडं न खाणाऱ्या घरांतही अडचण नाही, केक कार्तिकात करून ठेवला तर तो महिना आरामात थांबतो आणि आणखी चांगला होतो.

तो टिकतो किती याचं टोक बघायचं तर अंटार्क्टिका. केप अडेरच्या जुन्या झोपडीत 2017 साली हंटली अँड पामर्सचा, ब्रिटिश शोधक स्कॉटच्या मोहिमेतला शंभरहून अधिक वर्षांचा फ्रूटकेक सापडला. पत्र्याचा डबा गंजलेला, केक मात्र दिसायला-वासाला जवळजवळ खाण्याजोगा. भरपूर साखर आणि मोकळं पाणी कमी, म्हणून जंतूंना वाढायला जागा नाही, आणि तिथल्या थंडीने उरलेलं काम केलं.

इथे नावड असण्याचं दुसरं मोठं कारण वरचं आवरण. मार्झिपानमधला, म्हणजे बदामपूड-साखरेच्या थरातला, बदाम इसेन्स अनेकांना औषधी वाटतो, आणि ग्लिसरीन न घातलेलं रॉयल आयसिंग खडूसारखं कडक होतं. लग्नाच्या केकमधूनही फ्रूटकेक मागे सरतो आहे. 2011 मध्ये विल्यम-केटच्या लग्नात तो होता, 2018 मध्ये हॅरी-मेगनने लिंबू आणि एल्डरफ्लॉवर या फुलांचा केक निवडला. मुंबईच्या दमट हवेत आयसिंग चिकट होतं, म्हणून स्कॉटलंडच्या डंडी केकसारखं करा: बेक करण्याआधी वर सोललेल्या बदामांची गोल चक्रं. नुसती टेकवा, दाबली तर बुडतात.

वाढताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एक सेंटिमीटरची चकती, तिचे दोन तुकडे. पाच सेंटिमीटरचा ठोकळा कुणालाच झेपत नाही, आणि फ्रूटकेक आवडत नाही म्हणणारे कितीतरी जण खरं तर त्या ठोकळ्याला कंटाळलेले असतात. यॉर्कशरमध्ये सोबत वेन्सलीडेल चीज देतात. तुमच्याकडे साधं, फार खारट नसलेलं चेडर चालेल. चहा कडक आणि बिनसाखरेचा असू द्या.

विकतच घ्यायचा असेल तर मुंबईत पाकिटावरची घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. मैदा आणि साखर आधी, फळं मागे आणि त्यांतही पपई असेल तर सोडून द्या. इथून येणाऱ्या कुणाकडे मागवणार असाल तर बिनआयसिंगचा, पत्र्याच्या डब्यातला सांगा. आयसिंग बॅगेत तडकतं आणि त्याचे तुकडे कपड्यांत सापडतात. डब्यावर फळांची टक्केवारी छापलेली असते, ती चाळीसच्या वर असेल तोच घ्यायला सांगा.