पंचवटी, पाचुंदा आणि तप

द्विगु समास शिकवताना नाशिकच्या शाळेला उदाहरण शोधावे लागत नाही. पाच वडांचा समूह ती पंचवटी. सप्ताह, नवरात्र, त्रिभुवन हे त्याच घरचे. परीक्षेत मुले अडतात ती 'दशानन'ला. त्यातही संख्या आहे, पण तिथे तोंडांचा समूह सांगायचा नसून दहा तोंडे असलेला रावण सांगायचा आहे, म्हणून तो बहुव्रीही. विग्रह 'समूह' शब्दाने पुरा होतो की 'ज्याला आहेत तो' म्हणावे लागते, एवढे पाहिले की गुण जात नाहीत.

संख्येचा खरा घोळ 'आठवडा' या शब्दात आहे. दिवस सात, नाव आठाचे. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत दोन्ही बुधवार धरून मोजा, आठ भरतात. 'आठ दिवसांनी या' म्हणतो तेही असेच, आणि दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस' म्हणतो तेही. संगीतातले सप्तक मात्र सा ते नी सातच स्वर धरते. वरचा सा पुढच्या सप्तकाचा.

व्यवहारातले शब्द जास्त काटेकोर. बारांचा डझन, बारा डझनांचा म्हणजे 144 नगांचा ग्रोस, विसांची कोडी. कडब्याच्या पाच पेंढ्यांचा पाचुंदा, वीस पाचुंद्यांचा शेकडा. मला यात पाचुंदा सर्वांत आवडतो, कारण तो अजून शेतात बोलला जातो. पण घेताना नुसता शेकडा मोजू नये. पेंढी किती जाड बांधायची हे बांधणाऱ्याच्या हातात असते, म्हणून गंजीतली मधली एखादी पेंढी ओढून बंधापाशी मुठीत धरून पाहावी. कोथिंबिरीचेही तसेच: लिलावात भाव शेकडा जुड्यांचा निघतो, जुडी मात्र लहानमोठी.

कागदात तर समूहच बदलला. पूर्वी 24 तावांचा दस्ता आणि वीस दस्त्यांचे रीम, म्हणजे 480 ताव. आता दस्ता 25 चा आणि रीम 500 चे. जुन्या हिशेबाची वही समोर ठेवून आजच्या मागणीचा अंदाज काढला की प्रत्येक रीममागे वीस तावांचा फरक पडतो. नोटांची गड्डी शंभराची. नोट दहाची असो वा पाचशेची, तिच्यातले नग तेवढेच.

आपल्या शाळेचा हा हीरक महोत्सव, म्हणजे 60 वर्षे. बारा वर्षांचे एक तप, म्हणजे ही पाच तपे झाली. सिंहस्थही तपातपाने येतो असे आपण म्हणतो, पण तो ठरतो गुरूच्या सिंह राशीतल्या प्रवेशावर, आणि गुरूची एक फेरी सुमारे 11.86 वर्षांची. म्हणून सात फेऱ्यांना 84 नव्हे, साधारण 83 वर्षे लागतात आणि मधला एखादा सिंहस्थ अकराव्या वर्षीच येतो.