सर, हांव बॉडीवालो!

गोव्यात डिचोलीकडे एका आयटीआयमध्ये मी एम्प्लॉयबिलिटी स्किल्स घेतो, त्यातलं इंग्लिश मुख्यतः. पोरं सत्तरी, पेडण्याकडची, प्रायमरी मराठीतून, घरी कोंकणी, आणि इंग्लिशचा तास म्हटला की अर्ध्या वर्गाला तहान लागते.

बीएडला हॉवर्ड गार्डनर हा मानसशास्त्रज्ञ वाचलेला, 1983 ची ती मल्टिपल इंटेलिजन्सची थिअरी, म्हणजे बुद्धी एकच नसून अनेक प्रकारच्या, आधी सात बुद्धिमत्ता, निसर्गवाली आठवी त्याने नंतर घातली. म्हटलं करून बघू. नेटवरून प्रश्नावली काढली, भरून घेतली, तर जवळजवळ सगळेच बॉडिली-कायनेस्थेटिक, म्हणजे शरीर आणि हात चालवण्यात हुशार! फिटर आणि एसी मेकॅनिकची पोरं, दुसरं काय निघणार. मी शहाणा, गट पाडून नावं दिली. आठवड्यात मागच्या बाकावरून आवाज, "सर, हांव बॉडीवालो, म्हाका ग्रामर नाका." म्हणजे मी बॉडीवाला, मला ग्रामर नको. घ्या! नंतर नीट वाचलं तर गार्डनर स्वतःच सांगतो की बुद्धिमत्ता म्हणजे लर्निंग स्टाईल, म्हणजे शिकण्याची पद्धत, नव्हे. हे आधी वाचायला काय झालेलं मला?

मग दुसरा मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग हाती लागला, त्याची थिअरी 1985 ची. विश्लेषण, कल्पकता आणि व्यवहार, असे बुद्धीचे तीन भाग. व्यवहारवाला भाग बघून तास उचलून वर्कशॉपमध्येच नेला. तिथले सर कुरकुरले, माझं मशीन तुमच्या इंग्लिशला कशाला म्हणून, पण दिलं. एसी खोलायचा आणि हात चालू असताना तोंडाने सांगायचं, आय ॲम चेकिंग द सक्शन प्रेशर. जो प्रेझेंट कंटिन्युअस फळ्यावर दोन महिने बसत नव्हता तो इथे नाव न घेता बसला. मग मी कळंगुटच्या हॉटेलातला चिडलेला गेस्ट झालो, रूम थंड होत नाही म्हणून ओरडलो, तर तोच बॉडीवाला शांतपणे, "सर, फिल्टर चोक्ड, टेन मिनिट्स." क्रियापद एक नाही, पण मी हॉटेलवाला असतो तर त्याला तिथेच कामावर घेतला असता.

एक मजा म्हणजे सगळे कंप्रेसरमध्ये 'कं'वर जोर द्यायचे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आरतीत घुमट हे मातीचं वाद्य वाजवणारा एकजण आहे, त्याला सांगितलं मधल्या 'प्रे'वर थाप मार. बाक बडवून बडवून कंप्रेसर, इव्हॅपोरेटर सगळे सरळ झाले, शेजारच्या वर्गातून तक्रार आली ती वेगळी.

क्लास टेस्टला मात्र त्या फिल्टरवाल्याला जेमतेम पासापुरते मार्क. टेस्ट मीच काढलेली, गाळलेल्या जागा भरा. ती बदलायचं अजून माझ्याच्याने झालेलं नाही.