वराडकरांच्या देशात भाडेकरू

दर मे महिन्यात आयर्लंडहून कुडाळला गेले की मामा विचारतोच, "गो, एवढे पैसे त्या देशाकडे, तरी तू भाड्यान कित्याक रवतंस?" तुम्हीही बऱ्याच जणांनी हेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

मामाच्या लेखी आयर्लंड म्हणजे वराडकरांचा देश. मालवण तालुक्यातल्या वराडचं मूळ असलेल्या डॉक्टरांचा मुलगा लिओ 2017 मध्ये तिथला पंतप्रधान झाला, तेव्हापासून आम्हाला डब्लिनमध्ये घर मिळणं ही त्याला घरचीच गोष्ट वाटते.

पैसा आहे, हे खरं. पण तो कसला, ते बघा. 2003 पासून कंपन्यांना तिथे नफ्यावर फक्त साडेबारा टक्के कर. मोठ्यांना 2024 पासून 15. त्यामुळे अमेरिकी कंपन्यांनी आपला नफा कागदोपत्री तिथे आणून ठेवला. 2015 मध्ये देशाची अर्थव्यवस्था एका वर्षात 26 टक्क्यांनी वाढल्याचा आकडा जाहीर झाला! लोक हसले, आणि शेवटी तिथल्या सांख्यिकी खात्याला राष्ट्रीय उत्पन्न मोजायचं वेगळं माप काढावं लागलं. कंपनी करातला निम्म्याहून जास्त पैसा जेमतेम दहा कंपन्यांकडून येतो. त्यांना दुखवायला सरकार इतकं घाबरतं की अ‍ॅपलकडून 1,300 कोटी युरो कर वसूल करा, असं युरोपीय आयोगाने 2016 मध्ये सांगितलं, तर सरकार 'आम्हाला नको' म्हणून कोर्टात गेलं. 2024 मध्ये हरलं, आणि पैसे घ्यावे लागले. खटला हरून श्रीमंत झालेलं सरकार मी दुसरं पाहिलं नाही.

आता घरं. 2008 आधी तिथे नुसता बांधकामाचा उन्माद होता. 2006 मध्ये वर्षाला 90 हजारांच्या आसपास घरं उभी राहत होती. मग बँका बुडाल्या, 2010 मध्ये युरोपीय संघ आणि नाणेनिधीकडे हात पसरावे लागले. गवंडी, सुतार, इलेक्ट्रिशियन देश सोडून गेले. 2013 मध्ये पूर्ण झालेली घरं पाच हजारही नव्हती. आणि माणसं? 2022 च्या जनगणनेत 51 लाखांवर, 1851 नंतर पहिल्यांदाच 50 लाखांच्या पुढे. त्या वाढीत आम्हीही आलो, हे कबूल करायला हवं. आता तिजोरी भरलीय, पण गेलेला गवंडी तिजोरीतून बाहेर काढता येत नाही. त्यात एखादी सोसायटी मंजूर झाली की शेजारी हरकत घेतात, मामला कोर्टात जातो, दोन-तीन वर्षं सहज निघून जातात.

आमच्या घरमालकाने गेल्या वर्षी घर विकायला काढलं. वाईट माणूस नव्हता, रडत सांगायला आला. दुसरं बघायला गेलो तर पावसात पस्तीस-चाळीस जणांची रांग, प्रत्येकाच्या हातात पगाराच्या स्लिपा आणि जुन्या मालकाचं शिफारसपत्र. माझ्यापुढे एक आयरिश जोडपं होतं, दोघंही शिक्षक. तिशी उलटलेली, तरी अजून तिच्या आईवडिलांकडेच राहत होती. घर मिळालं नाही तर ऑस्ट्रेलियाला जाऊ म्हणाली. त्यांना मिळालं नाही, आम्हालाही नाही. पुढे दोन महिन्यांनी मिळालं ते शहराच्या टोकाला, महिना 2,300 युरो.

मामाला हे सगळं यंदा सांगितलं. तो बराच वेळ सुपारी कातरत बसला. मग म्हणाला, "आमच्या हय गवंडी गावता, पैसेच नाय."