खारीचा मोजा

एप्रिलमध्ये नवऱ्याचा एक करडा मोजा दिवाणाखाली राहायला गेला. म्हणजे खारीने नेला. खारी आमची लॅब्रॅडॉर, तीन वर्षांची, रंग अगदी बेकरीतल्या खारीचा म्हणून ते नाव. वॉचमनकाकांपासून गॅसवाल्यापर्यंत जो येईल त्याच्यापुढे पोट वर करून लोळणारी ही कुत्री, पण दिवाणाखाली कोणी वाकून बघितलं की गुरगुरायची. जेवायला बाहेर यायची, चार घास खायची की परत आत, तिथे सतरंजी पुढच्या पायांनी खरवडून गोळा केलेली, मध्ये मोजा आणि त्याच्याभोवती ही. चाटून चाटून मोज्याचा पार बोळा झालेला. सासूबाईंनी एकदा चष्मा लावून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तिला लेकरू हवंय. बघ कशी कुशीत घेतलीये."

झालं. हिला पिल्लं होऊ द्यायची की नसबंदी करायची, दोन वर्षं जो विषय आम्ही "बघू नंतर" म्हणत ढकलत होतो तो त्या मोज्याने घराच्या मधोमध आणून टाकला.

तसा त्याआधी फेब्रुवारीत ती हीटवर, म्हणजे माजावर, आली होती तेव्हाही बोलणं झालंच होतं. तीन आठवडे फरशी पुसून पुसून माझे हात गेले, नवऱ्याच्या जुन्या चड्डीला शेपटीसाठी भोक पाडून ती तिला घालायची आणि ती दहा मिनिटांत काढणार. सासूबाई म्हणायच्या, "आम्हाला कावळा शिवला की चार दिवस कोपऱ्यात, हिचा कावळा एकवीस दिवस सोफ्यावर!" सोसायटीच्या गेटबाहेर पाच कुत्रे मुक्कामाला. त्यातल्या दोघांच्या कानाला खाच, म्हणजे महापालिकेच्या गाडीतून नसबंदी होऊन आलेले, ते बहुतेक नुसते सोबतीला बसत असावेत. मी फिरायला पहाटे पाचला आणि रात्री अकरानंतर न्यायचे, एका हातात पट्टा आणि एका हातात छत्री, फेब्रुवारीत डहाणूकर कॉलनीत छत्री घेऊन फिरणारी बाई म्हणून लोक बघायचे.

आणि मग ब्रूनोचे बाबा. टेकडीवर सकाळी जी मंडळी कुत्री घेऊन येतात त्यांना एकमेकांची खरी नावं माहीतच नसतात, सगळे आपले अमक्याची आई आणि तमक्याचे बाबा. तर ब्रूनोचे बाबा गेलं वर्षभर मागे लागलेले, "जोडी काय सुंदर दिसेल हो, आम्हाला पैसे नकोत, फक्त पिल्लांतलं पहिलं पिल्लू आम्ही निवडणार." ब्रूनो दिसायला खरंच देखणा. नवरा तर जवळजवळ तयारच होता. त्याच्या डोक्यात जाहिरातीतलं चित्र, टोपलीत बसलेली गुबगुबीत पिल्लं वगैरे. मीही काही फार वेगळी नव्हते, खोटं कशाला बोलू, खारीचं नाक आणि खारीचे कान असलेलं एखादं आपल्याकडेच राहावं असं मला वाटत होतं, कारण ही काही पंधरा वर्षं आपल्याला पुरणार नाही हे मनात कुठेतरी असतंच.

मोज्याचं प्रकरण तीन-चार दिवस बघून मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पोट चाचपलं, सड दाबून बघितलं तर दूध! मी घाबरलेच, म्हटलं आम्ही छत्री घेऊन फिरलो आणि तरी? ते हसले. म्हणाले हे खोटं गर्भारपण. कुत्रीचं शरीर गंमतशीर आहे, हीट संपल्यावर ती गाभण असो वा नसो प्रोजेस्टेरॉन हे गर्भारपणाचं हार्मोन साधारण दोन महिने चढंच राहतं, आणि मग ते उतरलं की प्रोलॅक्टिन हे दुधाचं हार्मोन चढतं, म्हणजे खरी पिल्लं ज्या सुमारास झाली असती त्याच सुमारास दूध येतं, घरटं करावंसं वाटतं, आणि मग मोजा काय, चप्पल काय, जे सापडेल ते पिल्लू. त्यात इच्छा वगैरे काही नाही, सड चोळू नका, शेक देऊ नका, दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरेल. मी विचारलं, पण एकदा पिल्लं झाली की तब्येतीला चांगलं असतं ना, सगळेच म्हणतात? "काहीही फायदा नाही," एवढंच उत्तर.

मग ते उलट मलाच विचारायला लागले. हिच्या हिपचा एक्स-रे काढलाय का? कोपराचा? ब्रूनोचा? लॅब्रॅडॉरमध्ये हिप डिस्प्लेजिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, आईबापाकडून येतो, वरून कुत्रा धावतो-बागडतो म्हणजे सांधे चांगले असं नसतं, आणि पक्कं सांगायचं तर दोन वर्षांनंतरचा एक्स-रे लागतो. डोळ्यांची तपासणी? वंशावळीचे कागद? माझ्याकडे सगळ्याला एकच उत्तर होतं, "तो दिसायला छान आहे." ते ऐकून डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली, ती मान मला जास्त लागली.

नसबंदीच्या ऑपरेशनचंही त्यांनी नुसतं गोड गोड सांगितलं नाही हे बरं वाटलं. वजन वाढतं, काही कुत्र्यांना पुढे झोपेत लघवी गळायचा त्रास होतो, आणि मोठ्या जातींमध्ये सहा महिन्यांतच उरकून टाकायची जुनी पद्धत आता बरेच जण टाळतात, सांधे नीट तयार होऊ देतात. पण खारी तीन वर्षांची. आता तिच्या बाबतीत भीती दुसरी, गर्भपिशवीत पू होण्याची, पायोमेट्रा. तो हीटनंतर महिन्या-दोन महिन्यांत होतो, पिशवीचं तोंड बंद असलं तर बाहेर काही दिसतही नाही, कुत्री नुसती खूप पाणी पिते आणि मलूल पडते. आमच्या बी विंगमधली नऊ वर्षांची एक अशीच रात्री दोन वाजता उचलून न्यावी लागली होती. वाचली, पण त्या काकांचा चेहरा मी लिफ्टमध्ये बघितला होता.

तरी घरी निर्णय होईना. शेवटी मी एका लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे हिशोब मांडला. लॅबला सात-आठ पिल्लं सहज होतात. त्रेसष्ट दिवस पोटात, त्यानंतर निदान आठ आठवडे घरात, त्याआधी पिल्लू विकता येत नाही, कुत्र्यांच्या पैदाशीच्या 2017 च्या नियमांत तसं आहे (तेच नियम असंही म्हणतात की 18 महिन्यांच्या आत कुत्रीला पिल्लं नकोत, लागोपाठच्या दोन माजांना नकोत आणि जन्मात पाचापेक्षा जास्त वेतं नकोत). म्हणजे चार महिने, टू बीएचके, चौथ्या आठवड्यानंतर आठ जणांची शी, आणि सिझर करायची वेळ आली तर ते वेगळं.

आणि मग फोन. आत्तापर्यंत नऊ जणांनी "एक आमचं हं!" म्हणून ठेवलं होतं, मी नवाच्या नवांना लावले. नणंद म्हणाली, अगं आत्ताच सोफे नवीन केलेत. ऑफिसातल्या एकीला हवं होतं पण नर, आणि चॉकलेटी. एकाचा घरमालक नको म्हणाला, दोघांनी "विचारून सांगतो" म्हणून आजतागायत सांगितलेलं नाही, एकाने फोनच उचलला नाही. साताऱ्याचे मामा एकदम तयार, दोन द्या म्हणाले, रानात राखणीला साखळीने बांधू. लॅब राखणीला! खारीची पोरं चोराला बॅटरी धरून वाट दाखवतील. समोरच्या काकू, त्यांचा कुत्रा गेल्या दिवाळीत गेला, त्या फोनवर रडल्या आणि म्हणाल्या इतक्यात नको गं. आणि ब्रूनोच्या बाबांचं एक. पाकिटावर आठ पिल्लांच्या आठ रेघा आणि एकीवरच टिक.

हे सगळं जेवताना मी मोठ्याने वाचून दाखवत होते, नवरा मामांच्या साखळीवर हसत होता, सासूबाई मात्र ताटात बोट फिरवत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "सासवडला आमच्या वाड्यात लाकडांच्या ढिगामागे कुत्री व्यायली होती. सात होती. दोन ठेवली. उरलेली आमच्या अण्णांनी पोत्यात घालून कऱ्हेपलीकडे नेऊन सोडली. मी आठ-नऊ वर्षांची असेन. ती कुत्री रोज नदीपर्यंत जायची आणि परत यायची." आम्ही दोघं गप्प. त्यांनी ताक वाढून घेतलं आणि मला विचारलं, "तारीख कधीची देतात?"

लगेच मिळणार नव्हती, दूध पूर्ण आटून हीटला तीन-साडेतीन महिने होईपर्यंत थांबायचं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात झालं. आधी रक्त तपासलं, आदल्या रात्रीपासून उपाशी, सकाळी सोडून आलो आणि संध्याकाळी ती गुंगीत डुलत डुलत बाहेर आली, मला बघून शेपटी हलवायला गेली आणि बसलीच. गळ्यातल्या प्लास्टिकच्या कोनाने तिने पहिल्याच रात्री तुळशीची कुंडी पाडली, दाराच्या चौकटी ठोकल्या, पाण्याचं भांडं उलटं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी स्वतःचा जुना फुलाफुलांचा गाऊन कापला, पायांना चार भोकं, पाठीवर नाड्या, आणि टाके निघेपर्यंत बारा दिवस ही बया तो घालून गॅलरीत बसायची. खालून पोरं ओरडायची, खारी आजी!

मोजा मी धुवून दोरीवर वाळत घातला, त्याच्याकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. नवरा आता तो पायात घालतो, मला जरा कसंतरी होतं.

डॉक्टरांनी खाणं पाव हिश्श्याने कमी करायला सांगितलंय. मी कपाने मोजून घालते आणि तरी महिन्यात दीड किलो वाढलं. परवा दुपारी ऑफिसातून लवकर आले तर स्वयंपाकघरात दोघी, एकीच्या हातात तूप लावलेली पोळी आणि दुसरीच्या तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत. "बाळंतपणाचं नाही तर नाही, ऑपरेशनचं तरी खाऊ दे की तिला," म्हणे. सध्या वाद तो चाललाय.